हेदर फुललेल्या डोंगरावर पहिल्यांदा जाताना: श्रॉपशरच्या स्टिपरस्टोन्सची वाट

इंग्लंडमधल्या मराठी घरांत गणपतीची आरास कुठली करायची यावर चर्चा सुरू होते, त्याच सुमाराला वेल्सच्या सीमेजवळचा एक डोंगर जांभळा होतो. त्याचं नाव स्टिपरस्टोन्स. बर्मिंगहॅमहून गाडीने दीड-पावणेदोन तासांवर आहे. तरी आपल्यापैकी फार कमी लोक तिथे गेलेले असतात. सुट्टी मिळाली की सगळे लेक डिस्ट्रिक्ट गाठतात, नाहीतर स्नोडनच्या रांगेत उभे राहतात. ते डोंगर सुंदर आहेतच. पण या देशात पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्या माणसाने, विशेषतः सह्याद्रीत चार-दोन किल्ले केलेल्या माणसाने, सुरुवात स्टिपरस्टोन्सपासून करावी असं माझं ठाम मत आहे. उंची फक्त ५३६ मीटर, आणि त्यातली बरीचशी गाडीच चढून देते. वर पोहोचल्यावर मात्र पायांखाली ४८ कोटी वर्षांपूर्वीचा दगड असतो आणि नजर पोहोचेल तिथवर हेदर.

हेदर म्हणजे गुडघ्याएवढं, काटक, सदाहरित झुडूप. वर्षातले दहा महिने ते मळकट तपकिरी दिसतं. ऑगस्टमध्ये त्याला मोहरीएवढ्या कळ्या फुटतात, आणि एकेका काडीवर इतकी फुलं येतात की पान दिसेनासं होतं. माझी आई सातारची. तिला तिथे घेऊन गेले तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "कासला फुलं बघायला वाकावं लागतं गं. इथं डोंगरच फुललाय."

पहिल्यांदा जाणाऱ्याला जे आधी माहीत असायला हवं, ते सगळं पुढे क्रमाने सांगते.

दिवस निवडताना

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा आणि सप्टेंबरचा पहिला आठवडा हा खरा बहर. वर्षागणिक आठ-दहा दिवस पुढेमागे होतात. उन्हाळा कोरडा गेला तर फुलं लवकर येतात आणि रंगही फिका पडतो. आपल्याकडच्या टोपली कारवीसारखी सात वर्षं वाट बघायला लावणारी ही वनस्पती नाही. एखादं वर्ष हुकलं तर पुढच्या वर्षी ती आहेच. त्यामुळे हवामान वाईट असताना केवळ बहर चुकेल म्हणून डोंगरावर जाऊ नका.

शक्य असेल तर मधल्या वारी जा. रविवारी दुपारीसुद्धा इथे कासच्या शनिवार-रविवारसारखी गर्दी नसते, पण कारपार्क लहान आहेत आणि ते भरतात. सकाळी नऊ-साडेनऊला पोहोचलात तर जागा मिळते आणि धारेवर दुसरं माणूस क्वचित दिसतं. ऑगस्टच्या शेवटी इथे सूर्य साधारण आठ वाजता मावळतो, त्यामुळे दुपारनंतर निघालात तरी चालतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हेदरचा रंग सगळ्यात गडद दिसतो. मला स्वतःला हीच वेळ आवडते, पण पहिल्या खेपेला सकाळच घ्या, म्हणजे चुकलात तरी हाताशी उजेड राहील.

आदल्या रात्री आणि निघायच्या सकाळी मेट ऑफिसचा अंदाज बघा. पावसाइतकंच वाऱ्याकडे लक्ष द्या. ही धार उघडी आहे, एकही झाड नाही. खाली श्रूजबरीत टी-शर्टवर फिरण्यासारखी हवा असते तेव्हा वर वाऱ्यात कान दुखू लागतात. गडगडाटाचा अंदाज असेल तर बेत सरळ रद्द करा; त्या माथ्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे कातळ आणि तुम्ही.

पोहोचायचं कसं

गाडी असेल तर श्रूजबरीपर्यंत मोठा रस्ता आहे. तिथून ए-४८८ धरून पाँट्सबरी, मिन्स्टर्ली, आणि मग स्नेलबीच व स्टिपरस्टोन्स गावावरून वर 'द बॉग' नावाच्या ठिकाणी. शेवटचे काही मैल रस्ता अरुंद आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर जवळच्या रुंद जागेपर्यंत मागे जायची तयारी ठेवा, आणि वाट दिल्याबद्दल हात वर करायला विसरू नका. इथे तो रिवाज फार पाळतात.

गाडी नसेल तर आगगाडीने श्रूजबरी किंवा चर्च स्ट्रेटन गाठता येतं. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी या टेकड्यांमध्ये शटल बस चालवली जाते. तिच्या फेऱ्या आणि मार्ग दरवर्षी बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचं वेळापत्रक बघूनच तिकीट काढा. शेवटची बस किती वाजता परत निघते ते हातावर लिहून ठेवलंत तरी हरकत नाही.

सुरुवात करायला दोन जागा आहेत. बॉग ही पहिली. ही एकेकाळी शिशाच्या खाणीची वस्ती होती, घरं होती, माणसं होती. आता उरली आहे ती मुख्यतः जुनी शाळा, आणि त्या शाळेत स्वयंसेवक चालवतात ते माहिती केंद्र. आत अजून गॅसच्या बत्त्या आहेत, आणि घरी केलेले केक मिळतात. हिवाळ्यात ते बंद असतं. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या, कारण पुढे काही नाही. दुसरी जागा म्हणजे थोडं वर, रस्त्यालगत असलेलं नोल्सचं कारपार्क. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर नोल्सच बरं; चढ शंभर-सव्वाशे मीटरच उरतो. ज्यांना दगडातून चालणं जमणार नाही त्यांच्यासाठी तिथूनच एक सपाट केलेली छोटी वाट निघते. माझ्या आईची गुडघेदुखी बळावली त्या वर्षी आम्ही तेवढ्याच वाटेवर चटई टाकून दोन तास बसलो होतो. हेदर तिथूनही दिसतं.

पायात काय, पाठीवर काय

बुटांवर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण माझी पहिली खेप इथेच फसली. लोहगड, राजमाची, हरिश्चंद्रगड स्पोर्ट्स शूजवर केलेले होते. पाचशे मीटरच्या टेकडीला वेगळे बूट कशाला, असं वाटलं. धारेवर पोहोचून पंधरा मिनिटं झाली नाहीत तोच डावा घोटा मुरगळला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उतरावं लागलं. चूक चढाची नव्हती, दगडाची होती. सह्याद्रीचा बेसाल्ट पायाला धरून ठेवतो. इथला दगड क्वार्ट्झाइट: पांढरट, काचेसारखा कठीण, धारदार कडांचा. त्याचे डोक्याएवढे तुकडे वाटभर सुटे पडलेले असतात, हलतात, आणि ओले झाले की गुळगुळीत होतात. घोट्यापर्यंत चढणारे, जाड तळव्याचे बूट हवेत, आणि ते आधी घरात आठवडाभर घालून पाय सरावलेले हवेत. चालण्याची एक काठी असेल तर उतरताना फार आधार होतो.

जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि थंडी आत ओढते. एकावर एक पातळ कपडे घाला, वर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. ऑगस्टमध्येसुद्धा पिशवीत कानटोपी असू द्या. पँट पूर्ण लांबीची आणि मोज्यात खोचता येईल अशी घ्या, कारण हेदरमध्ये गोचीड असतात. त्याविषयी शेवटी सांगते.

पाणी घरूनच न्या, माणशी किमान लिटरभर. वर झरा नाही, टपरी नाही, लिंबूसरबतवाली मावशी नाही. थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ किंवा दशमी-चटणी, एवढ्याने आमचं भागतं. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,०००चा नकाशा, कागदी किंवा मोबाइलवर आधीच उतरवून घेतलेला, जवळ ठेवा. मोबाइलला दऱ्यांमध्ये रेंज मिळेलच असं नाही. शिट्टी आणि छोटा टॉर्च पिशवीच्या वरच्या कप्प्यात असू द्या.

प्रत्यक्ष वाट

बॉगहून निघालात तर आधी वर नोल्सच्या दिशेने चढ आहे. नोल्सपासून पुढे फाटक ओलांडून गवताळ, रुंद वाट धारेकडे चढते. फाटक जसं असेल तसंच मागे ठेवा: बंद होतं तर बंद. मेंढ्या मोकळ्या चरत असतात. कुत्रा सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै त्याला आखूड दोरीने बांधणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. ऑगस्टमध्येही मेंढ्या असतातच, तेव्हा दोरी सोडूच नका.

दहा-पंधरा मिनिटांत पहिला कातळ येतो, क्रॅनबेरी रॉक. इथे वाट बदलते. गवत संपतं आणि ते सुटे दगड सुरू होतात. आता वेग निम्मा करा. बघायचं असेल तेव्हा थांबा, चालायचं असेल तेव्हा पायाकडे बघा. दोन्ही एकदम करू नका. या धारेवर मी दर वेळी हा एकच नियम पाळते.

क्रॅनबेरीनंतर मॅनस्टोन रॉक. हा सर्वांत उंच बिंदू, ५३६ मीटर. कातळाच्या डोक्यावर सर्वेक्षणाचा काँक्रीटचा खांब आहे. तिथवर जायला हात टेकून थोडं चढावं लागतं. दगड कोरडा असेल आणि वारा नसेल तर जा. ओला असेल तर खालूनच नमस्कार करा. खालून दिसणारं दृश्य जवळपास तेच आहे. पूर्वेला लाँग मिंडचं लांबलचक पठार, नैऋत्येला कॉर्नडनचा घुमट, आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला वेल्सच्या डोंगरांच्या रांगेमागे रांगा.

अजून अर्धा किलोमीटर गेलात की डेव्हिल्स चेअर, सैतानाची खुर्ची. हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात तुटका कातळ. गोष्ट अशी सांगतात की सैतान आयर्लंडहून एप्रनमध्ये दगड भरून घेऊन येत होता. दमून या खुर्चीवर टेकला. उठताना एप्रनची नाडी तुटली आणि दगड डोंगरभर विखुरले. धारेवर ढग उतरले की सैतान खुर्चीत येऊन बसला असं म्हणतात, आणि हा डोंगर खचला तर इंग्लंडचा नाश होईल म्हणून तो त्यावर बसून भार टाकत असतो. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री सगळी भुतंखेतं इथे जमून आपला राजा निवडतात, अशीही एक समजूत आहे. आपल्याकडे प्रत्येक सुळक्याला भीमाची चूल नाहीतर वेताळाची जागा असते. इथल्या गोष्टी ऐकताना मला परकं वाटलं नाही.

आणखी एक कथा मला जास्त आवडते. वाइल्ड एड्रिक हा खरा माणूस. विल्यम द कॉन्कररने १०६६मध्ये इंग्लंड जिंकल्यावर या सीमाभागात त्याने बंड केलं, १०६९मध्ये श्रूजबरीवर हल्ला झाला, आणि १०७०मध्ये त्याने हार मानली. लोकांना हे शरण जाणं पटलं नाही. म्हणून कथेत एड्रिक, त्याची बायको गोडा आणि सगळे साथीदार या डोंगराखालच्या शिशाच्या खाणींत अडकून पडले आहेत. देशावर युद्ध येणार असलं की ते घोड्यांवरून बाहेर दौडत निघतात. खाणकामगार म्हणत, दगडाआडून त्यांची ठोकठोक ऐकू येते, आणि जिथे ती येते तिथे चांगलं शिसं सापडतं.

पहिल्या खेपेला डेव्हिल्स चेअरपाशी बसून डबा खा आणि आल्या वाटेने परत फिरा. नोल्सहून येऊन-जाऊन साधारण ४ किलोमीटर होतात, थांबत-बघत दोन ते अडीच तास. दम असेल तर धारेनेच पुढे स्कॅटर्ड रॉक आणि शेपर्ड्स रॉकपर्यंत जाता येतं, एकूण साडेपाच-सहा किलोमीटर. तिथून पश्चिमेला पर्किन्स बीचच्या घळीतून स्टिपरस्टोन्स गावात उतरता येतं आणि रस्त्याने बॉगला परत येता येतं; पण ही वाट दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा. 'बीच' वाचून समुद्र शोधू नका. या भागात बीच म्हणजे ओढ्याची घळ. स्नेलबीच गावाच्या नावातला बीचही तोच.

हा दगड इथे कसा आला

डबा खाताना पाठ ज्या कातळाला टेकलेली असेल, तो मुळात समुद्रकाठची वाळू होता. ऑर्डोव्हिशियन काळातली, सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीची. ती दबून, घट्ट होऊन क्वार्ट्झाइट झाली आणि पुढे भूहालचालींनी तिचे थर तिरपे उभे राहिले. सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला सह्याद्री या कातळापुढे अगदी तरुण. शेवटच्या हिमयुगात वेल्सकडून आलेला बर्फाचा थर पश्चिमेकडे पसरलेला होता, आणि ही धार त्यातून डोकं वर काढून उभी होती. भेगांत पाणी शिरायचं, गोठायचं, फुगायचं, दगड तडकायचा. हजारो वर्षं हे चाललं. कठीण भाग कातळ होऊन उरले आणि बाकीचा चुरा तुमच्या पायाखाली आला. काही ठिकाणी हे दगड ओळीत आणि कोनाकोनांच्या आकारांत मांडल्यासारखे दिसतात. ते माणसाने मांडलेले नाहीत, जमिनीच्या गोठण्या-वितळण्याने ते तसे सरकले.

हेदर ओळखायला शिका

इथे मात्र घाई करू नका. लांबून सगळं एकच जांभळं दिसतं, पण तीन वेगळ्या वनस्पती आहेत, आणि वाटेवरून न हलता तिन्ही ओळखता येतात.

सगळ्यात जास्त आहे ते 'लिंग' (ling हा इंग्रजी शब्द), म्हणजे खरं हेदर. पानं अगदी बारीक, खवल्यासारखी काडीला चिकटलेली. फुलं फिकट जांभळी, शेकड्यांनी. ऑगस्टचा तो पसरलेला रंग याचा. दुसरं बेल हेदर. याची फुलं खरंच घंटेसारखी, फुगीर, आणि रंग गडद, जवळजवळ जांभळाच्या रसासारखा. पानं सुईसारखी, तीन-तीनच्या झुपक्यात. हे कोरड्या, दगडाळ जागी असतं आणि लिंगच्या आधी, जुलैमध्येच फुललेलं असतं. म्हणून जुलैच्या शेवटी गेलात तर गडद ठिपके दिसतील, चादर नाही. तिसरं क्रॉस-लीव्हड हीथ: चार पानं क्रुसासारखी, फिकट गुलाबी घंटांचा झुबका काडीच्या अगदी टोकाला. हे दिसलं की समजा खाली जमीन ओली आहे आणि पाय जपून टाकायचा आहे.

हेदरला सुपीक जमीन सोसत नाही. क्वार्ट्झाइटवर तयार होणारी माती पातळ, आम्ल आणि निकस असते. तिथे बाकीच्या झाडांची उपासमार होते आणि हेदर तग धरतं, कारण त्याच्या मुळांशी राहणारी बुरशी त्या मातीतूनही अन्न काढून देते.

पण एवढ्याने डोंगर जांभळा राहत नाही. हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं, आणि तेव्हापासून मी या डोंगराकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. हा रंग राखलेला आहे. मूळ रान माणसाने हजारो वर्षांपूर्वी तोडलं, मग गुरं-मेंढ्या चरत राहिल्या, म्हणून माळ मोकळा राहिला आणि हेदर पसरलं. हेदरचं झुडूप तीस-चाळीस वर्षं जगतं. म्हातारं झालं की मधून विसकटतं, फुलं कमी होतात, आणि त्या फटीत बर्च, पाइन, नेचे शिरतात. हात लावला नाही तर काही दशकांत इथे परत झाडी होईल. म्हणून कुठे पट्टे कापले जातात, कुठे हिवाळ्यात छोटे तुकडे नियंत्रित जाळले जातात, कुठे जनावरं चारली जातात, उगवलेली रोपटी उपटली जातात. लाकडासाठी लावलेली सूचिपर्णी झाडं तोडून हेदर परत आणण्याचं कामही या डोंगरावर झालं आहे. कोकणात आणि मावळात आपण देवराई राखतो ती कुऱ्हाड न लावून. इथे राखण कुऱ्हाडीने होते. पहिल्यांदा एखादा कापलेला, काळा-तपकिरी पट्टा दिसला तर कुणी नासधूस केली असं वाटू शकतं. त्याच्या कडेला वाकून बघा. बोटभर उंचीचं नवं हेदर उगवत असतं.

याच कारणाने वाट सोडू नका. दाट हेदरखाली दगडांमधल्या पोकळ्या झाकल्या गेलेल्या असतात. पाय आत गेला तर घोटाच काय, नडगी मोडू शकते. शिवाय तुडवलेली म्हातारी काडी परत उभी राहत नाही. फोटोसाठी चार पावलं आत जाणाऱ्या प्रत्येकामागे एक नवी पायवाट तयार होते, आणि पातळ माती पावसात वाहून जाते. फोटो वाटेवर बसून काढा. खालून घेतलेल्या फोटोत हेदर तसंही जास्त भरगच्च येतं.

फुलं तोडू नका. व्हिनबेरी मात्र चाखा. हेदरच्या मधोमध हिरव्यागार, नाजूक पानांची झुडपं दिसतील, त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये वाटाण्याएवढी निळी-काळी फळं लागतात. इतरत्र बिलबेरी म्हणतात, श्रॉपशरमध्ये व्हिनबेरी. चव करवंद आणि जांभूळ यांच्या मधली, आणि जीभही तशीच रंगते. पूर्वी इथल्या खाणकामगारांची बायका-मुलं उन्हाळाभर ती वेचून विकत, तेवढाच घराला हातभार. ओळखीबद्दल पूर्ण खात्री असेल तरच खा, मूठभरच घ्या, बाकी पक्ष्यांना ठेवा.

आवाजांकडेही लक्ष द्या. हेदरमधून अचानक फडफड करत एखादा तांबूस, कोंबडीएवढा पक्षी उडाला आणि त्याच्या ओरडण्यात "गो-बॅक, गो-बॅक" ऐकू आलं, तर तो रेड ग्राउझ. तो हेदरचेच कोवळे शेंडे खाऊन जगतो. वर घोगऱ्या आवाजात बोलणारे मोठे काळे पक्षी म्हणजे रेव्हन. आणि ऊन असेल तर मधमाश्यांची एकसुरी गुणगुण सगळीकडे भरून असते. हेदरचा मध इतका दाट की बाटलीत जेलीसारखा गोठून राहतो, ढवळला की पातळ होतो. मिळाला तर एक बाटली नक्की घ्या. किंचित कडवट असतो.

धुकं आलं, कुणी पडलं, वाट चुकली तर

धुकं इथे दहा मिनिटांत येतं. घाबरू नका, धार उत्तर-दक्षिण आहे आणि वाट तिच्यावरच आहे. आहात तिथे थांबा, नकाशावर आपली जागा बघा, आणि वाटेनेच दक्षिणेकडे, आल्या दिशेने परता. पुढचा कातळ दिसत नाही म्हणून हेदर तुडवत 'शॉर्टकट' काढण्याच्या मोहात पडू नका.

कुणाला लागलं आणि चालता येत नसेल तर ९९९ किंवा ११२ फिरवा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू हवं असं सांगा. हे लक्षात ठेवा, कारण सरळ अँब्युलन्स मागितली तर ती रस्त्यापर्यंतच येऊ शकते. बोलण्याइतकी रेंज नसताना मेसेजने मदत मागण्याची सोयही आहे, पण त्यासाठी फोनची आधी नोंदणी करावी लागते: 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द ९९९वर मेसेज करायचा आणि येणाऱ्या सूचनांप्रमाणे होकार द्यायचा. आज घरी बसल्या बसल्या करून टाका. संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर विश्रांती, पुन्हा सहा. जखमी माणसाच्या अंगाखाली काहीतरी घाला. थंडी वाऱ्याइतकीच जमिनीतूनही चढते.

साप दिसला तर तो बहुधा अ‍ॅडर, पाठीवर नागमोडी काळी नक्षी. ब्रिटनमधला हा एकमेव विषारी साप. तो लाजाळू आहे, पावलांची चाहूल लागली की निघून जातो. दगडावर बसण्याआधी एकदा बघून घ्या, एवढंच.

आणि आग नको. शेगडी, डिस्पोजेबल बार्बेक्यू, सिगारेट, काहीही. हेदर तेलकट काडी आहे, खालची माती सुकली की तीही धुमसते. जून २०१८मध्ये मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थच्या माळावर लागलेली आग विझवायला सैन्य बोलवावं लागलं होतं. गरम चहा हवा असेल तर थर्मास.

उतरल्यावर

बॉगच्या शाळेत केक आणि चहा घ्या. हे केंद्र स्वयंसेवकांवर चालतं. वेळ असेल तर परतीच्या वाटेवर स्नेलबीचला थांबा. तिथे शिशाच्या खाणीच्या जुन्या इमारती उभ्या आहेत. रोमन काळापासून या परिसरात शिसं काढलं जात होतं. १८९५मध्ये इथे खाणीत उतरणाऱ्या पाळण्याचा दोर तुटून सात कामगार मेले. वर डोंगरावर ज्या शांततेचं आपल्याला कौतुक वाटतं, ती सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इथे नव्हती.

गाडीत बसण्याआधी बुटांचे तळवे घासून चिखल आणि बिया तिथेच झाडा. घरी पोहोचल्यावर, दमला असलात तरी, अंघोळीच्या वेळी सगळ्यांचं अंग नीट तपासा: गुडघ्यांच्या मागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला, मुलांच्या कानांमागे. गोचीड तिळाएवढी लहान असू शकते. सापडली तर टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मेणबत्ती, नखाने चिरडणं यातलं काही करू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती पसरत जाणारा लालसर डाग दिसला किंवा तापासारखं वाटलं तर डॉक्टरांना चावा कधी आणि कुठे झाला ते सांगा. लाइम रोगावर वेळेत औषध मिळालं की तो बरा होतो. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेला एक छोटा जांभळा ठिपका काढते.